मावा खाणारा क्रायसोपा कीटक

करडईस मार्गशीर्ष-पौषांत मावा लागला म्हणजे शेतकऱ्याचा हात प्रथम औषधाच्या पंपाकडे जातो, व तसें होणें स्वाभाविकही आहे. शेंड्यावर काळ्या किड्यांची दाटी झालेली, खालचीं पानें चिकट्यानें तेलकट झालेलीं आणि त्यांवर काळी बुरशी चढूं लागलेली, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास थांबावयास सांगणें सोपें नाहीं. तरीपण पंप भरण्यापूर्वीं पानाची खालची बाजू एकदां उलटून पाहावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे. तेथें केंसासारख्या बारीक देठांच्या टोकांवर टांचणीच्या डोक्याहूनही लहान अशीं फिकट हिरवीं अंडीं उभीं दिसलीं, तर माव्याचा भक्षक शेतांत येऊन पोंचला आहे असें समजावें.

आम्हीं स्वतः हीं अंडीं प्रथम पाहिलीं तेव्हां तीं बुरशी समजून चार झाडांचीं पानें खुडून बांधाबाहेर टाकलीं होतीं. अशी चूक करणारे आम्ही एकटेच नव्हे. चीन, कोरिया व जपान या देशांत अशीं अंडीं देवमूर्तीवर आढळलीं असतां बौद्ध ग्रंथांतील दुर्मिळ उंबराचें फूल उमललें, असें लोकांनीं मानल्याचीं उदाहरणें आहेत. आपल्याकडे वर्षानुवर्षें तोंड न दाखविणाऱ्या मनुष्यास उंबराचें फूल म्हणतात. तें फूल करडईच्या पानाखालीं सांपडावें ही मौजच होय.

अंडें देठावर चढविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मादी पोटाचें टोक पानास टेंकवून चिकट रसाचा थेंब सोडते व पोट वर उचलते. त्याबरोबर रसाची तार ओढली जाऊन हवेंत लागलीच वाळते, आणि तिच्या टोकावर अंडें बसतें. एक मादी आपल्या आयुष्यांत अशीं कित्येकशें अंडीं घालते. या खटाटोपाचें कारण असें कीं, पानावर हिंडणाऱ्या मुंग्यांपासून व इतर भक्षकांपासून अंडीं दूर राहावींत. त्या भक्षकांत तिचीं स्वतःचीं आधीं जन्मलेलीं पिल्लेंही येतात!

तीनचार दिवसांत अंडें राखी रंगाचें होऊन अळी बाहेर पडते. ती करडी-तपकिरी, दोन्ही टोकांस निमुळती व फार चपळ असते. तिच्या तोंडापुढें विळ्यासारखे दोन वांकडे जबडे असतात व ते आंतून पोकळ असतात. मावा त्यांत धरून ती त्याच्या अंगांत पाचक रस सोडते, आंतील मांस पातळ झालें कीं शोषून घेते, आणि रिकामी कातडी टाकून पुढच्यास धरते. फुलकिडे, पांढरी माशी, तुडतुड्यांचीं पिल्लें, बोंडअळीचीं अंडीं, जें मऊ व हळू चालणारें सांपडेल तें तिला चालतें. आठदहा दिवसांत ती दोनदां कात टाकते. परंतु तिचें बहुतेक खाणें शेवटच्या तीनचार दिवसांत होतें, हें लक्षांत ठेवावें. तिचें पोट मागील बाजूस बंद असतें. खाल्लेल्याचा मळ ती सांठवून ठेविते व पंख फुटल्यावरच टाकते. मागील छिद्रांतून अळीपणीं निघतें तें केवळ रेशीम. त्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा वाटोळा कोष ती विणते, आणि सुमारें आठवड्यानें त्याचें झांकण कापून कीटक बाहेर येतो.

हा कीटक रात्रीं कंदिलाशीं पुष्कळांनीं पाहिला असेल: अंग पोपटी, डोळे सोनेरी, पंख कांचेसारखे व हिरव्या शिरांच्या जाळीचे. पुढील पंखाच्या एका शिरेंत त्याचा कान असतो. वटवाघुळाचा सूक्ष्म आवाज ऐकतांच तो पंख मिटून खालीं पडतो. नरमादी एकमेकांस ओळखतात तीं मात्र पोट थरथरवून. तो कंप पायांवाटे पानांत उतरतो व दुसऱ्यास पोंचतो. प्रत्येक जातीचा ठेका निराळा असतो. ह्याच खुणेचा अभ्यास करून, आपल्याकडील ज्या जातीस पुष्कळ वर्षें युरोपांतील ‘कार्निया’ समजत असत, ती ‘क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी’ आहे असें 2010 सालीं ठरविण्यांत आलें.

आतां औषधाविषयीं. मावा नराविना प्रजा वाढवितो, जिवंत पिल्लें घालतो, आणि आठदहा दिवसांत तें पिल्लूं स्वतः आई होतें. क्रायसोपाची एक पिढी पुरी होण्यास तीनचार आठवडे लागतात. सरसकट जहाल औषध मारल्यास दोन्ही मरतात. पण उरलेला मावा लवकर उठतो व त्यास खाणारें कोणी नसतें. दुसरी फवारणी पहिलीपेक्षां घाईची लागते ती यामुळें. करडईचा मावा प्रथम बांधाकडील ओळींवर दिसतो. तेव्हांच तेवढ्याच ओळींवर औषध मारल्यास मधलें शेत भक्षकांकरितां सुरक्षित राहतें. पेरणी उशिरा झाली असून सर्व शेतांत शेंडे काळे झाले असतील, तर मात्र अळीवर विसंबून राहा असें आम्ही सांगणार नाहीं. तेथें तिला वेळच उरलेला नसतो.

मोठा झालेला क्रायसोपा मावा खात नाहीं. चिकटा, फुलांतील मध व पराग यांवर तो राहतो. म्हणून बांधालगत कोथिंबीर, शेपू किंवा बडीशेप फुलावर येऊं द्यावी. मुंग्या चिकट्यासाठीं माव्याची राखण करितात व या अळ्यांस हुसकावतात. बांधावर मुंग्यांचें वारूळ असेल त्या बाजूस अळ्या कमी दिसतात तें याचमुळें.

प्रयोगशाळांतून तांदळाच्या पतंगाच्या अंड्यांवर क्रायसोपा वाढवून त्याचीं अंडीं व अळ्या विकतात. तें पुडकें हातीं येईल त्याच सायंकाळीं शेतांत सोडावें. भुकेल्या अळ्या एकमेकींस खातात, व रात्रभर घरांत ठेविलेलें पुडकें सकाळीं अर्धें भरतें.