मोबाइल नंबर ‘लाँग’मध्ये का मावत नाही?

मुदखेडमध्ये सुट्टीत कॉम्प्युटर शिकायला येणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, एक्सेलच्या मॅक्रोमध्ये अब्बांचा मोबाइल नंबर टाकला, तर ओव्हरफ्लो असा एरर का येतो?’ प्रोग्राम बरोबर असतो, चूक डब्याची असते.

बेसिक भाषेत आकड्यासाठी आधी डबा ठरवता येतो. एक्सेलच्या मॅक्रोत, म्हणजे व्हीबीएमध्ये, ‘इंटिजर’ हा डबा १६ बिटांचा आहे. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ‘लाँग’ ३२ बिटांचा. त्यातलं एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातं, म्हणून त्याची हद्द २,१४,७४,८३,६४७, म्हणजे सुमारे २१४ कोटी. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती, ती यात आरामात बसते. पण ९ ने सुरू होणारा १० अंकी मोबाइल नंबर म्हणजे ९०० कोटींच्या वर! १२ अंकी आधार तर त्याहून कितीतरी मोठा.

ही चूक मोठमोठ्यांनाही भोवली आहे. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याचे व्ह्यूज २१४ कोटींच्या पुढे गेले, तेव्हा यूट्यूबला आपला काउंटर ६४ बिटांचा करावा लागला.

६४ बिटांचा डबा केवढा? ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ पर्यंतचा. नावात मात्र गोंधळ आहे. व्हीबी डॉट नेटमध्ये यालाच ‘लाँग’ म्हणतात, तर व्हीबीएमध्ये ‘लाँगलाँग’, आणि तोही फक्त ६४ बिटांच्या ऑफिसमध्ये चालतो. उणे आकडे नकोच असतील तर डॉट नेटमध्ये ‘यूलाँग’ आहे. त्याची हद्द १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

हा आकडा आपल्याला परका नाही. १३ व्या शतकातल्या इब्न खल्लिकान यांनी बुद्धिबळाच्या पटाचा किस्सा लिहून ठेवला आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढच्यात दुप्पट, असं ६४ घरं भरायची. सगळे दाणे मोजले तर बरोबर हाच आकडा येतो. ‘अल्गोरिदम’ हा शब्दही अल-ख्वारिझमी यांच्या नावावरूनच आलाय. हा इल्म आपल्याच घरचा आहे.

आता पालकांसाठी कामाची गोष्ट. एक्सेल आकड्याचे फक्त १५ अंक धरून ठेवतं. १७ अंकी बँक खाते क्रमांक साध्या आकड्यासारखा टाकला, की शेवटचे दोन अंक शून्य होतात. सुरुवातीचे शून्यही उडतात. मॅक्रो निदान एरर तरी दाखवतो, इथे तर काहीच कळत नाही. शिष्यवृत्तीच्या एका यादीत आम्ही असे शून्य स्वतः पाहिलेत. यादी तशीच पुढे गेली असती, तर मुलांचा वजीफा अडकला असता.

उपाय सोपा आहे. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो आकडा नाहीच, ते नाव आहे असं समजा. मोबाइल, आधार, खाते क्रमांक, रेल्वेचा पीएनआर हे सगळं प्रोग्राममध्ये ‘स्ट्रिंग’ म्हणून ठेवा. एक्सेलमध्ये टाइप करण्याआधी सेल ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलं तर गेलेले अंक परत येत नाहीत.

आणि फॉर्म भरून झाला की प्रिंट हातात घ्या, पासबुक शेजारी ठेवा आणि एकेक अंक बोट ठेवून वाचा. हे काम घरातल्या शाळकरी मुलालाच सांगा. तो चूक बरोबर पकडेल.