वडिलांच्या बुलेटचा नवा पिस्टन

वडिलांची १९५९ सालची साडेतीनशेची बुलेट गेल्या वर्षी निळा धूर ओकू लागली. तेल जळते आहे हे कळायला ज्योतिषी नको! मिस्त्रींनी ब्लॉक उतरविला, आत बोट फिरविले आणि म्हणाले, "साहेब, सिलिंडर लांबट झिजलाय. बोअरिंग करून मोठा पिस्टन घालावा लागेल."

वाचकहो, मोठा पिस्टन गाडी जोरात पळावी म्हणून नव्हे. झिजलेले भोक पुन्हा गोल करायचे, तर ते थोडे मोठे होणारच! मूळ भोक ७० मिलिमीटरचे. त्यापुढचे पिस्टन इंचाच्या हजाराव्या भागांनी वाढतात : वीस, तीस, चाळीस, साठ. आम्ही चाळीसचा घेतला. म्हणजे वाढ जेमतेम एक मिलिमीटर.

मिस्त्रींचा दंडक एकच : पिस्टन आधी हातात, बोअरिंग मागाहून. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो. फट कमी ठेवली तर तो अडकून बसतो, जास्त ठेवली तर खडखडतो. म्हणून प्रत्येक पिस्टन मोजूनच भोक कापायचे.

गाडी सुरू झाली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, जरा पळवून बघू?" मी किल्ली खिशात घातली. कापलेले बीड काही परत येत नाही. वीस आणि तीस त्याच्या आजोबांनी वापरले, चाळीस मी. उरला साठ, तो त्याचा. तेव्हा पहिले पाचशे मैल सबुरीनेच!