अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजें आणि पट्टी देणारा शेतकरी

आपल्याकडे कॉलेज म्हटलें म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें. मुलगा ट्रंक घेऊन शहरीं जातो, तीन-चार वर्षें खर्चाचे पैसे मागवितो, आणि पदवी पदरांत पडल्यावर शेताच्या बांधावर उभा राहण्यासहि तो संकोचतो. कॉलेज म्हणजे गांवांतून माणूस काढून नेणारें यंत्र, अशी जी समजूत झाली आहे ती अगदींच निराधार नाहीं. परंतु कॉलेज एका टापूंतील लोकांकरितां, त्यांच्याच पैशानें व त्यांच्याच देखरेखीखालीं चालावें, आणि त्यांत वीस वर्षांच्या मुलाबरोबर पन्नास वर्षांच्या शेतकऱ्यासहि जागा असावी, अशी एक पद्धति अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलीं सव्वाशें वर्षें वाढत आली आहे. अशा कॉलेजास तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणतात. प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली असल्यामुळें तो या विषयाकडे मुख्यत्वें पैशाच्या बाजूनें पाहणार, हें वाचकांनीं आरंभींच गृहीत धरावें.

शिकागो शहराच्या नैर्ऋत्येस इलिनॉय संस्थानांत जोलिएट नांवाचें गांव आहे. तेथें १९०१ सालीं हायस्कुलाच्याच आश्रयानें सहा विद्यार्थी घेऊन असें कॉलेज सुरू झालें. आज चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत तें सर्वांत जुनें. शिकागो युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएट येथील शाळांचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन या दोघांची ती कल्पना. पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास मुलांनीं घरीं राहूनच करावा, पुढें ज्यास जावयाचें असेल त्यानें मोठ्या युनिव्हर्सिटींत जावें, एवढाच मूळ हेतु होता. कॅलिफोर्नियांत १९०७ सालीं हायस्कुलांस असे पुढील वर्ग काढण्याची कायद्यानें मोकळीक मिळाली, आणि १९१० सालीं फ्रेझ्नो येथें त्या संस्थानांतील पहिलें ज्युनिअर कॉलेज निघालें. तेथील शाळांच्या अधिकाऱ्यांचें म्हणणें साधें होतें: आमच्या गांवापासून सुमारें दोनशें मैलांच्या आंत उच्च शिक्षणाची एकहि संस्था नाहीं, तेव्हां आमच्या मुलांनीं करावें काय? फ्रेझ्नो हा बेदाण्याचा मुलूख. आपल्या तासगांवाकडील द्राक्षबागाईतदारांस हें नांव अगदींच परकें वाटूं नये, कारण तेथील बेदाण्याची मुख्य जात जी थॉम्सन सीडलेस, तिच्यांतूनच आपल्याकडील तास-ए-गणेश ही निवड झालेली आहे.

पुढें १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या उच्च शिक्षणाच्या कमिशनानें अशीं कॉलेजें देशभर काढावीं, पहिलीं दोन वर्षें फी घेऊं नये, व त्यांस कम्युनिटी कॉलेज म्हणावें, अशी शिफारस केली. फीची गोष्ट सर्वत्र साधली नाहीं, नांव मात्र रूढ झालें. आज त्या देशांत अशीं सुमारें एक हजार कॉलेजें आहेत.

आतां पैशाकडे वळूं. इलिनॉयांत कॉलेजांकरितां सगळ्या संस्थानाचे ३९ भाग पाडलेले आहेत. शिकागो शहर वगळल्यास प्रत्येक भागांतील मतदार सात विश्वस्त निवडून देतात. त्यांची मुदत सहा वर्षें असते व त्यांस पगार नाहीं. शिवाय विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधि मंडळावर बसतो. हें मंडळ त्या भागांतील घरें, दुकानें, कारखाने व शेतजमिनी यांच्यावर कॉलेजाची पट्टी बसवितें. कॉलेजाच्या खर्चास एक हिस्सा पट्टीचा, एक संस्थान सरकारचा व एक विद्यार्थ्यांच्या फीचा, असें तीन पायांचें हें तिवई-आसन असावें अशी मूळ कल्पना होती. सरकारचा पाय मात्र बहुधा आखूडच राहात आला आहे, आणि त्याची भरपाई पट्टी व फी यांनीं करावी लागते. गेल्या सालापेक्षां पट्टी शेंकडा पांचाहून अधिक वाढवावयाची असेल तर आगाऊ जाहीर नोटीस देऊन लोकांचें म्हणणें ऐकून घेण्याची सभा भरवावी लागते.

शेतजमिनीवरील पट्टीची रीत आमच्या खात्यांतील माणसास विशेष मौजेची वाटेल. जमीन बाजारांत कितीस विकेल हें तेथें पाहात नाहींत. मातीची प्रत काय, त्या प्रतीच्या जमिनींत पीक किती येतें, त्यावरून आंकडा ठरवितात. शहर वाढत बांधापर्यंत आलें म्हणून मक्याच्या शेतावर बंगल्याच्या भावानें आकारणी होत नाहीं. आपल्याकडील जुन्या प्रतबंदीशीं याचें जवळचें नातें आहे.

आपल्याकडे हा विचार नव्हता असें नाहीं. मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यान्वयें शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड घेत, व त्यांतील एक तृतीयांश शिक्षणाकडे लावीत. म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यावर शाळेची पट्टी बसण्याची चाल जोलिएटच्या कॉलेजाहून तीस वर्षांनीं जुनी आहे. फरक एवढाच कीं पट्टी कोणाच्या शाळेस जाते, तेथें काय शिकवितात, हें विचारण्याची जागा देणाऱ्यास नव्हती. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेविलें त्यांत हीच तक्रार आहे: सरकारचा वसूल रयतेच्या श्रमांतून उभा राहतो, आणि उच्च शिक्षणाचा लाभ भलतेच घेऊन जातात. नोकरींत असतांना एका वृद्ध खातेदारानें पावतीवरील उपकराच्या रकान्यावर बोट ठेवून मला विचारलें होतें, "रावसाहेब, हे पैसे कशाचे?" मीं म्हटलें, "रस्ते, शाळा, दवाखाने." त्यावर तो म्हणाला, "कुठली शाळा?" मागें रांग होती. मीं शिक्का मारला आणि पुढच्याचें नांव पुकारलें. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ तेव्हांहि नव्हतें.

जोलिएटच्या शेतकऱ्यास हें उत्तर ठाऊक असतें, कारण तें कॉलेज त्यास दिसतें. कॉलेजाचें स्वतःचें प्रात्यक्षिक शेत आहे. त्यांत मका व सोयाबीन यांच्या निरनिराळ्या जाती आणि मशागतीच्या पद्धती शेजारीं शेजारीं लावून दाखवितात, व टापूंतील शेतकरी येऊन त्या पाहतात. अशा कॉलेजांत प्रवेशास गुणांची अट सहसा नसते. शाळा अर्धवट सोडलेला मनुष्यहि मागील अभ्यास पुरा करून पुढें जाऊं शकतो. वर्ग सकाळीं, संध्याकाळीं, सुटीच्या दिवशींहि असतात. कारण विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण दिवसा काम करणारे, मुलाबाळांचे लोक असतात. ट्रॅक्टरची दुरुस्ती, धातूची जोडणी, परिचारिकेचें काम, जनावरांच्या डॉक्टराचा मदतनीस, हिशेबनिशी, नव्यानें आलेल्या परदेशी लोकांस इंग्रजी, असें ज्या टापूस जें लागेल तें शिकवावयाचें. कारखानदारांस अमुक यंत्रावर काम करणारे लोक पाहिजेत असें त्यांनीं कळविलें तर तसा वर्ग काढतात. हा गुण आहे तसा यांत धोकाहि आहे. कारखानदाराचा आवाज नेहमींच मोठा असतो.

पट्टी देणाऱ्याचा हात सुटला म्हणजे काय होतें हें कॅलिफोर्नियांत दिसलें. तेथें घरांच्या किंमती वाढत गेल्या तसे करहि वाढले, आणि चिडलेल्या लोकांनीं १९७८ सालीं 'प्रपोझिशन १३' म्हणून प्रसिद्ध असलेला ठराव थेट मतदानानें मंजूर केला. मिळकतीवरील कर किंमतीच्या शेंकडा एकाहून अधिक नसावा, किंमत १९७५-७६ च्या आंकड्यावर नेऊन ठेवावी, आणि मिळकत विकली जाईपर्यंत ती सालीना शेंकडा दोहोंपेक्षां अधिक वाढवूं नये, असें ठरलें. घरमालकास दिलासा मिळाला, परंतु कॉलेजांची स्वतःची पट्टी ठरविण्याची सत्ता गेली व तीं संस्थान सरकारच्या तिजोरीकडे तोंड करून बसलीं. तोंवर तेथें शिक्षणास फी नव्हती. १९८४ पासून फी सुरू झाली. प्रथम एका युनिटास पांच डॉलर, ती वाढत २०१२ सालीं ४६ डॉलरांवर गेली. लोकांनीं स्वतःचे पैसे वांचविले, व ते त्यांच्याच मुलांच्या फींतून थोडेबहुत परत गेले, असें कोणी म्हटलें तर मला तें खोडून काढतां येणार नाहीं. इमारतींकरितां कर्ज काढण्याचा हक्क मात्र स्थानिक मतदारांकडे राहिला. २००० सालच्या मतदानानें अशा कर्जास शेंकडा ५५ मतें पुरेशीं झालीं, परंतु त्याबरोबर एक अट पडली: खर्चावर लक्ष ठेवण्यास नागरिकांची समिति नेमावी, व तींत करदात्यांच्या संघाचा एक सभासद असलाच पाहिजे. ही अट मला फार आवडली.

येथवर वाचून पट्टी असली कीं सर्व साधतें असें कोणास वाटेल. तसें नाहीं, आणि माझ्या म्हणण्यास बाध आणणारें उदाहरण मीच देतों. मिनेसोटा संस्थानांत हीं कॉलेजें स्थानिक पट्टीवर चालत नाहींत. १९९५ सालीं तेथें बहुतेक सरकारी कॉलेजें एका मंडळाखालीं आणलीं, आणि त्या मंडळाची नेमणूक गव्हर्नर करतो. तरीहि शेतकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत जाणारें कॉलेज पाहावयाचें असेल तर तें तेथेंच पाहावें. तेथील अनेक कॉलेजांत शेतीव्यवहाराचा एक अभ्यासक्रम आहे. त्यांत नांव घालणारा विद्यार्थी म्हणजे चालू शेती असलेला शेतकरी. बहुधा नवरा-बायको दोघेंहि. वर्ग भरतो त्यांच्या स्वयंपाकघरांतील टेबलाशीं. कॉलेजाचा शिक्षक वर्षांतून अनेक वेळां शेतावर येतो आणि जमाखर्च ठेवावयास शिकवितो. वर्षारंभीं व वर्षाअखेर जमीन, जनावरें, यंत्रें, कोठारांतील धान्य आणि सावकाराचें देणें यांची मोजदाद होते. मग एक बुशेल मका पिकविण्यास किती पडलें, गाईच्या दुधावर काय सुटलें, हें निरनिराळें काढतात. अशा शेंकडों शेतकऱ्यांचे आंकडे नांवें झांकून एकत्र करतात व प्रत्येकास आपलें शेत सरासरीच्या वर कीं खालीं हें दाखवून देतात. पुष्कळ शेतकरी वर्षानुवर्षें नांव घालीत राहतात.

१९८० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथें व्याजाचे दर चढले, जमिनींचे भाव कोसळले, आणि पिढ्यान्पिढ्यांचीं शेतें लिलांवांत गेलीं. अशा वेळीं सावकारापुढें उभें राहण्यास ज्याच्याजवळ स्वतःचे आंकडे होते त्याची स्थिति, बँकेनें सांगितलेला आंकडाच खरा मानणाऱ्यापेक्षां बरी असणार, हें तगाई व सोसायटीचें कर्ज पाहिलेल्या आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

या कॉलेजांचे दोषहि आहेत. नांव घालणाऱ्यांपैकीं निम्मे लोकसुद्धां सहा वर्षांत अभ्यास पुरा करीत नाहींत. कोणाचें काम बदलतें, कोणाच्या घरीं आजार येतो, कोणी वाट चुकतो. शिक्षकांपैकीं पुष्कळसे तासांवर पैसे घेणारे असतात. विश्वस्तांच्या निवडणुकीस मतदान थोडें होतें. दार सर्वांस उघडें असणें आणि आंत आलेला शेवटपर्यंत पोहोंचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्या देशांत १९९५ सालीं पुदुचेरी येथें कम्युनिटी कॉलेज निघालें, व २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानें त्या नांवाची योजना चालविली. शेतीपुरतें पाहिलें तर १९७४ सालीं, तेंहि पुदुचेरीसच, पहिलें कृषि विज्ञान केंद्र स्थापन झालें. योजनांची वाण नाहीं. परंतु दोन्ही वरून खालीं आलेल्या. खालून वर गेलेलें उदाहरण आपल्याकडे शोधावयाचें तर तें भाऊराव पाटील यांचें: १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था निघाली, व वसतिगृहांतील मुलांकरितां घरोघरीं मूठमूठ धान्य गोळा होई. ज्या घरानें मूठ दिली त्या घरास शाळा आपली वाटे.

आपल्या सोसायटीपुरतें एक करून पाहण्यासारखें आहे. पट्टी बसविण्याचा अधिकार आपणांस नाहीं, परंतु तालुक्याच्या कॉलेजांतील वाणिज्य शाखेचा एखादा शिक्षक व आपल्यांतील दहा-बारा खातेदार एवढ्यावर मिनेसोटाच्या पद्धतीचा हिशेबाचा वर्ग चालूं शकेल. सोसायटीचें सभागृह संध्याकाळीं रिकामेंच असतें. मोजदाद मात्र मृगाआधीं करावी. त्या वेळीं कणगी व गंजी तळास गेलेल्या असतात, बी-खताची उधारी अद्याप चढलेली नसते, आणि घरांत काय आहे व कोणाचें काय देणें आहे हें एका बैठकींत लिहून होतें.