ओंडका ओढायचा, पण साखळी कुठे अडकवायची?

रोहिणी नक्षत्रात वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला की गावात एखादे तरी झाड आडवे होतेच. कुठे बांधावरची बाभूळ, कुठे विहिरीकाठचा लिंब, तर कोकणात वाडीतला माड. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागात नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या भुईसपाट झाल्या. झाड पडणे आपल्या हातात नसते. पडलेले झाड वेळेवर आणि सुखरूप हलवणे मात्र आपल्या हातात असते.

ते तसेच पडू देणे परवडत नाही. बांधावरचा ओंडका नांगराला आडवा येतो, ओघळीतला पाणी तुंबवून बांध फोडतो. पडलेला माड तर उभ्या माडांचा वैरी होतो. नारळाच्या कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या तिथेच पोसतात आणि पुढे तयार झालेला भुंगा शेजारच्या माडाचा कोवळा कोंब पोखरतो. नव्याने लावलेली रोपे त्याच्या तावडीत सापडली तर मरतात. म्हणून वाडीतली खोडे कुजण्याआधी बाहेर निघाली पाहिजेत. काळ्या जमिनीच्या भागात हे काम मृगाच्या आधी उरकावे. एकदा चिखल झाला की चाके जागच्या जागी फिरतात.

बैल थांबतो, ट्रॅक्टर थांबत नाही

पूर्वी हे काम बैलजोडी करी. आता बऱ्याच घरी १५ ते २५ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आला आहे. झाडांच्या दोन ओळींतून तो सहज जातो आणि वळायला जागाही थोडी लागते. मात्र बैलात आणि ट्रॅक्टरमध्ये एक मोठा फरक आहे. ओंडका खुंटाला अडला की बैल आपसूक थांबतो. ट्रॅक्टरला ते कळत नाही. इंजिन जोर लावतच राहते.

अशा वेळी काय होते ते नीट समजून घ्या. ओंडका अडल्यामुळे मागची चाके पुढे सरकू शकत नाहीत. मग इंजिनाचा जोर चाके फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरवू लागतो. पुढची चाके उचलली जातात. मागे भार जास्त झाल्यावर बैलगाडी उलार होते ना, तसाच हा प्रकार. पण गाडी उलार झाली तर जू वर जाते. ट्रॅक्टर उलार झाला तर तो चालकाच्या अंगावर येतो. पुढची चाके उठल्यावर सावरायला सेकंदभराचाही वेळ मिळत नाही.

हा धोका किती, हे मुख्यतः साखळी कुठे अडकवली यावर ठरते. साखळी मागच्या आसापेक्षा वर असेल, तर ओंडक्याची ओढच ट्रॅक्टरला मागे पाडायला मदत करते. ती आसाच्या खाली असेल तर धोका बराच कमी होतो. पुढची चाके उचलू लागली की साखळीचे टोक आणखी खाली जाते आणि ओढीचा उलथवण्याचा जोर घटतो. म्हणून साखळी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. वरच्या लिंकची पिन हाताशी येते म्हणून पुष्कळ जण तिथे दोर बांधतात. ते कधीही करू नये. आसाच्या नळीला किंवा सीटखालच्या लोखंडालाही बांधू नये.

आधी वजन काढा

लहान ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन थोडे असते. तेव्हा ओंडक्याचे वजन अंदाजाने नव्हे, हिशेबाने काढावे. ओंडक्याच्या मध्यावर दोरीने वेढ मोजा. वेढाचे फूट त्याच फुटांनी गुणा, मग लांबीच्या फुटांनी गुणा आणि १२.५ ने भागा. उत्तर घनफुटांत येते. ताजे ओले लाकूड साधारण पाण्याइतके जड धरावे, म्हणजे घनफुटाला २८ किलो.

उदाहरणार्थ, ५ फूट वेढाचा १० फुटी बाभळीचा ओंडका २० घनफूट भरतो. त्याचे वजन झाले सुमारे ५६० किलो. ३ फूट वेढाचा तेवढ्याच लांबीचा माडाचा तुकडा भरतो सुमारे २०० किलो. ओंडका जड वाटला तर त्याचे दोन तुकडे करावेत. फळ्या काढायच्या नसतील तर लांब ओंडक्याचा हट्ट कशाला?

हाच हिशेब विक्रीच्या वेळीही उपयोगी पडतो. लाकडाचे व्यापारी वेढाचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. त्या पद्धतीने वरचा बाभळीचा ओंडका १५.६ घनफूटच भरतो, म्हणजे खऱ्या मापापेक्षा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्तच कमी. दर ठरवताना माप कोणते धरले आहे, हे आधी विचारून घ्यावे.

साधी, परवडणारी साधने

साखळी : गुरे बांधायची साखळी किंवा विहिरीचा जुना दोर या कामाला चालत नाही. उचल-ओढीच्या कामाची ८० ग्रेडची साखळी घ्यावी. १० मि.मी. जाडीच्या अशा साखळीचा सुरक्षित भार ३.१५ टन असतो. लहान ट्रॅक्टरला ती पुरून उरते. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, म्हणून तो टाळावा.

पत्र्याची घसर : जमिनीवरून ओढताना ओंडक्याचे तोंड नांगराच्या फाळासारखे मातीत रुतते. जुन्या पिंपाचा पत्रा पुढून वर वाकवून तोंडाखाली घालावा आणि साखळीतच अडकवावा. पत्रा नसेल तर कुऱ्हाडीने तोंडाच्या कडा गोल तासाव्यात. एवढ्यानेही ओढ हलकी होते.

भोकांची आडवी पट्टी : हायड्रोलिक लिफ्टच्या खालच्या दोन हातांत बसणारी ही पट्टी बहुतेकांकडे असते. हात खाली सोडून तोंड तिला आखूड बांधावे आणि मग वीतभर उचलावे. एक टोक उचलले की साधारण निम्मे वजन लिफ्टवर येते. ५६० किलोच्या ओंडक्याला ते २८० किलो झाले. लिफ्टची क्षमता किती, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे. मागे भार आला की पुढची चाके हलकी होतात, म्हणून पुढे वजने लावावीत. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. पट्टी आसाच्या वर उचलून ओढू नये.

दोन चाकांची गाडी : जुन्या बैलगाडीची टायरची चाके आणि आस असतील तर ओंडक्याचे मागचे टोक आसाखाली साखळीने टांगता येते. लांब ओंडका मग जमिनीला न घासता निघतो आणि वाडीतली पाटाची पाळ मोडत नाही.

कप्पी : ओंडका ओघळीत किंवा चढाखाली असेल तर ट्रॅक्टर चढावर चढवू नये. मजबूत झाडाच्या बुडाशी, जमिनीलगत कप्पी बांधावी आणि ट्रॅक्टर सपाट जागेवर ठेवून ओढावे. दिशा बदलणाऱ्या कप्पीवर ओढीच्या दुप्पट भार येऊ शकतो, म्हणून कप्पीचे झाड आणि तिचा दोर तसेच भक्कम निवडावेत.

ओढताना

आधी फांद्या साळाव्यात. बुंधा पुढे ठेवून टोकापासून फूट-दीड फुटावर साखळीचा फास घालावा. ज्या वाटेने जायचे ती वाट पायी चालून पाहावी. खुंट, दगड, खड्डे हेरून ठेवावेत.

साखळी हळूहळू ताणून घ्यावी, मग सर्वांत खालच्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडावा. ढिल्या साखळीने हिसका कधी देऊ नये. ओंडका अडला तर तिथेच थांबावे. जास्त ॲक्सिलेटर देणे हा त्यावर उपाय नव्हे. फास सोडावा, ओंडक्याला साखळीचा एक वेढा द्यावा आणि बाजूने ओढावे. ओंडका गडगडून खुंटावरून सुटतो. पुढचे चाक जरा उठलेसे वाटले तरी तत्काळ क्लच दाबावा.

उतारावर गिअर काढू नये. बांधाला किंवा उताराला आडवे चालू नये. चढउतार सरळ करावा. उतारावर ओंडक्याच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

ट्रॅक्टरला रोल बार असेल तर तो उभा ठेवून पट्टा बांधावा. रोल बार नसेल तर पट्टा बांधू नये. उन्हासाठी लावलेली छत्री म्हणजे रोल बार नव्हे.

घरातल्या मंडळींनीही एक नियम पाळावा. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कोणी नाही. मडगार्डवर बसलेले पोर कौतुकाचे वाटते, पण एका हिसक्यात ते चाकाखाली येते. ताणलेल्या साखळीवरून ओलांडू नये आणि साखळीच्या रेषेत उभे राहू नये. मदतीला एकच माणूस असावा. तो चालकाला दिसेल असा, साखळीच्या लांबीहून दूर, बाजूला उभा राहावा. काम चालू असताना जेवण घेऊन येणाऱ्या घरच्या बाईनेही लांबूनच हाक मारावी आणि ट्रॅक्टर थांबल्यावरच जवळ जावे.

कागदपत्रांचे

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, चिंच, फणस, मोह, जांभूळ, खैर, चंदन, हिरडा, ऐन, किंजळ अशी परिशिष्टातली झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड वादळाने पडले असेल तर तुकडे करण्याआधी तलाठ्याला दाखवून पंचनामा करून घ्यावा. नुकसानभरपाईच्या वेळी तोच कामाला येतो. लाकूड गावाबाहेर न्यायचे असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, साखळी खालच्या ड्रॉबारला लावायला दोन मिनिटे जास्त लागतात आणि थोडे वाकावे लागते. तेवढे वाकायचा कंटाळा करू नका. गड्याच्या हाती ट्रॅक्टर दिला असेल तर साखळी कुठे अडकवली आहे, ते मालकाने स्वतः पाहावे आणि मगच "चल" म्हणावे.