टायटॅनिकची खरी श्रीमंती तिसऱ्या वर्गात

टायटॅनिक म्हटलं की पोहण्याचा तलाव, तुर्की हमाम आणि तो भव्य जिना आठवतो. पण माझ्या मते १९१२ च्या या जहाजावरचा मोठा बदल तिसऱ्या वर्गात दिसतो. त्याआधीच्या काळात अटलांटिक ओलांडणारे गरीब स्थलांतरित अनेकदा अंथरूण-भांडी घरूनच न्यायचे आणि मोठ्या सामायिक दालनात दाटीवाटीने झोपायचे. इथे बहुतेकांना बंद केबिन होती, ४७३ खुर्च्यांचं भोजनगृह होतं आणि जेवण तिकिटातच. १४ एप्रिलच्या न्याहारीला ओटची लापशी, धुरावलेले हेरिंग मासे, सालीसकट बटाटे, ताजा पाव-लोणी. हा मेनू चक्क पोस्टकार्डावर छापलेला. मागे पत्ता लिहून घरी धाडता यायचा!

कुणी म्हणेल, ही तर कंपनीची जाहिरात. आणि सातशेच्या वर माणसांना आंघोळीचे टब फक्त दोन! दोन्ही खरं आहे. वर्गांमधली फाटकंही होतीच. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याला ती हवी होती. पण जाहिरात गरिबाच्या गावी पोचवावीशी वाटली, कारण जहाज कंपन्यांना त्याचं तिकीट हवं होतं. दया नव्हे, स्पर्धा; तरी गरम जेवण त्याच्या ताटात पडलंच.