स्वमग्न मुलांसाठी सामाजिक गोष्ट

‘नीट वाग’ एवढं सांगून स्वमग्न मुलाला काहीच कळत नाही. नीट म्हणजे नेमकं काय, हे कुणी उलगडून सांगितलेलंच नसतं. अमेरिकेतल्या मिशिगनच्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला त्यासाठी ‘सामाजिक गोष्ट’ ही पद्धत पुढे आणली. एखाद्या प्रसंगात कोण काय करतं आणि का करतं, हे मुलाला समजेल अशा छोट्या वाक्यांत, बरेचदा चित्रांसह, लिहायचं.

समजा, केस कापायला जायचं आहे. ‘सलूनमध्ये मशीनचा आवाज होतो. मानेवरचे केस कापताना गुदगुल्या होतात. आवाज नको वाटला तर मी हात वर करून थांबायला सांगू शकतो.’ यात हुकूम नाही. वर्णन जास्त आणि सूचना कमी, हा ग्रे यांचा नियमच आहे. निदान निम्म्या गोष्टी मुलाला आधीच जमणाऱ्या कामाचं कौतुक करणाऱ्या असाव्यात, असंही त्या सांगतात. हे विसरलं की गोष्टीचं फर्मान होतं.

असं वागणं शिकवताना मुलाला बळेच नजरेला नजर द्यायला लावणं तर मला साफ चुकीचं वाटतं. अनेकांना त्याचा खरोखर त्रास होतो. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की एकमेकांना समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. म्हणून शिकायचं आपल्यालाही आहे. स्पष्ट बोला, उत्तराला वेळ द्या आणि मूल दुसरीकडे पाहत असलं तरी ते ऐकत नाही असं धरून चालू नका.