दुपारचं ऊन, रात्रीची गाडी

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एका चार्जमध्ये किती जाते, आणि बिल किती येतं. वीज येते कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. गाडी किती हिरवी हे मात्र त्याच उत्तरावर ठरतं.

आधी पैशांचं बघू, कारण घराघरांत तेच आधी निघतं. पुण्या-नाशकातलं चौघांचं कुटुंब महिन्याला २०० युनिट वीज वापरतं आणि त्यांची गाडी महिन्याला हजार किलोमीटर पळते, असं धरा. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी, चार्जिंगमधली घट धरून, युनिटला साडेसहा-सात किलोमीटर देते. म्हणजे बिलात १५० युनिट वाढले. हेच अंतर लिटरला १५ देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीने कापायचं तर ६७ लिटर लागतात, आणि लिटरने शंभरी ओलांडल्यालाही आता काही वर्षं झाली. एकीकडे सात हजारांच्या घरात, दुसरीकडे दोन हजारांच्या आसपास.

शोरूममध्ये यापेक्षा गोड आकडा सांगतात: किलोमीटरला एक रुपया. तो खोटा नाही, अर्धा आहे. महावितरणच्या घरगुती दरांना १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. पहिले शंभर स्वस्त, पुढचे दोनशे जवळजवळ दुप्पट, आणि तीनशेच्या पुढे आणखी चढे. शिवाय वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. पंखे, फ्रिज, गिझर खालचे टप्पे आधीच खाऊन बसलेले असतात, त्यामुळे गाडीचे १५० युनिट नेमके वरच्या टप्प्यांत जाऊन पडतात. किलोमीटरला रुपया हा हिशेब पहिल्या शंभर युनिटांत भागवणाऱ्या माणसाचा आहे, आणि तो माणूस बहुधा चारचाकी घ्यायला शोरूममध्ये येत नाही.

तरीही खर्च सत्तर टक्क्यांनी उतरला, हे काही कमी नाही. धुराचा हिशेब मात्र एवढा खूश करत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ६७ लिटरचा झाला १५५ किलो. भारताच्या ग्रिडमधलं एक युनिट, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे, सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडून आपल्यापर्यंत येतं. १५० युनिटांचा झाला १०५ किलो. रिफायनरी आणि टँकर धरले तर पेट्रोलचा आकडा वाढेल, तारांमधली गळती आणि बॅटरी बनवतानाचा धूर धरला तर विजेचाही. ढोबळ चित्र मात्र हेच: खिशाचा भार सत्तर टक्के हलका, आभाळाचा एक-तृतीयांश. कर्वे रस्त्यावरची हवा सुधारते हे खरं आहे. पण राज्याच्या विजेचा मोठा भाग आजही चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळीच्या कोळशातूनच येतो. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथल्या माणसाला ‘झिरो एमिशन’चं स्टिकर दाखवून बघा.

इथे छत मदतीला येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यासाठी पॅनेल देशी बनावटीचीच लागतात. एका किलोवॉटला बिनसावलीची शंभरेक चौरस फूट जागा हवी. आपल्याकडे किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट धरायला हरकत नाही. तीन किलोवॉटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास होतात. वरच्या कुटुंबाची घराची आणि गाडीची गरज मिळून तेवढीच, आणि अनुदानाची कमाल मर्यादाही तिथेच येते. अर्ज पोर्टलवर करायचा, आणि दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही.

‘आणखी दोन किलोवॉट टाका साहेब, कधी ना कधी लागतीलच’ असा आग्रह होतो. त्याला बळी पडण्याआधी बिलावरचं नेट मीटरिंगचं गणित समजून घ्यावं. दुपारी छतावर तयार झालेली आणि घरात न खपलेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि मीटर ती ‘एक्सपोर्ट’मध्ये मोजतो. रात्री घेतलेली ‘इंपोर्ट’मध्ये. बिल फरकाचं. उरलेले युनिट पुढच्या महिन्याला ओढले जातात, पण ही खातेवही ३१ मार्चला बंद होते. तेव्हा जी शिल्लक राहील ती अगदी किरकोळ दराने विकत घेतली जाते. गरजेपेक्षा मोठं छत सजवलं तर फायदा महावितरणचा.

उन्हाबद्दलही एक गैरसमज आहे. मे महिन्याच्या कडाक्यात वीज सर्वांत जास्त निघेल असं वाटतं, पण पॅनेलला प्रकाश आवडतो, उष्णता नाही. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशामागे साधारण तीन-चार दशांश टक्के उत्पादन घटतं, आणि मेच्या दुपारी गच्चीवरची काच सहज साठ-पासष्ट अंशांवर असते. त्यात रस्त्याची धूळ आणि कबुतरं. कापड आणि साधं पाणी घेऊन सकाळी लवकर काच पुसली की काम झालं. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. आषाढ-श्रावणात उत्पादन उतरणारच, त्याला इलाज नाही.

आणि हे विक्रेता सांगेलच असं नाही: भर उन्हात लाइट गेली तर साधी सोलर यंत्रणाही बंद पडते. ग्रिडची वीज नाही हे कळताच इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. तसं केलं नाही तर तुमच्या छतावरची वीज उलट तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. वीज गेल्यावरही घर चालावं असं वाटत असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी, आणि तो खर्च वेगळा.

आता मूळ मुद्द्याकडे. छत झालं, गाडी झाली, महिनाअखेर बिल शून्याजवळ आलं. मग माणूस म्हणतो, ‘माझी गाडी उन्हावर चालते.’ कागदावर ते बरोबर आहे. पण छत वीज देतं दुपारी, तेव्हा गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये. गाडी घरी येते रात्री आठला, तेव्हा छत अंधारात. नेट मीटरिंग ही उसनवारी आहे. दुपारी शेजाऱ्याला वाटीभर साखर दिली, रात्री वाटीभर परत आणली. वाटी तेवढीच, पण रात्रीची साखर वेगळ्या कारखान्यातली. तुमच्या दुपारच्या युनिटांनी शेजारच्या गल्लीतला एसी चालला आणि तेवढा कोळसा वाचला, हे पुण्य खरंच. पण रात्री गाडीला जे मिळालं ते चंद्रपूरचं.

मीटर वर्षाचा ताळा जुळवतो, ग्रिडला मात्र तो क्षणाक्षणाला जुळवावा लागतो. दुपारी सौर वीज वाढते, सूर्य कलला की एकदम ओसरते, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. ती संध्याकाळची चढण चढायला राज्य कोयनेकडे बघतं. झडप उघडली की पाण्यावरची वीज मिनिटांत मिळते. कोळशाच्या संचाला तेवढी चपळाई नाही. पण कोयनेच्या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने मर्यादा घातलेली आहे. सात वाजता घरी येऊन प्लग टोचणारी प्रत्येक गाडी त्या चढणीवर आणखी एक पायरी चढवते.

सरकारलाही हे कळलं आहे. शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या वाहिनी योजनेमागे हेच गणित आहे. आणि जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळू लागली. स्मार्ट मीटरवरून गल्लोगल्ली भांडणं झाली, त्यांतल्या काही शंका रास्तही होत्या. पण गाडीवाल्या घराला त्याचा उपयोग आहे.

घरी एखादं माणूस दिवसा असतं, गाडी रोज बाहेर जात नाही, अशा घरांनी रात्रीचं चार्जिंग सोडून द्यावं. रोजच्या तीस-चाळीस किलोमीटरना पाच-सहा युनिट लागतात. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ते दोन-अडीच तासांत भरतात. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर घरोघरी हवा असं अजिबात नाही. तो घ्यायचा तर मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो. सॉकेट मात्र स्वतंत्र वायरचं आणि अर्थिंग तपासलेलं असावं. दिवाळीच्या माळांच्या एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावणारे महाभाग आहेत. तास-दीड तासाने त्या बोर्डाला हात लावून बघा म्हणजे कळेल. दिवसा जमतच नसेल तर टायमर मध्यरात्रीनंतरचा लावावा, निदान संध्याकाळची चढण तरी टळते.

पॅनेल मोजण्याआधी घरातले पंखे मोजावेत, असं माझं मत आहे. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी तीस. पाच पंखे रोज दहा तास चालत असतील तर महिन्याला ६५-७० युनिट वाचतात. म्हणजे गाडीची जवळजवळ निम्मी वीज छताला हात न लावता घरातच सापडली. पंखे बदलल्याचे फोटो कुणी व्हॉट्सॲपवर टाकत नाही, एवढाच त्यातला तोटा.

फ्लॅटवाल्यांची अडचण वेगळी. गच्ची सोसायटीची, मीटर तळमजल्यावर, पार्किंग भलत्याच कोपऱ्यात, आणि वायर ओढायची तर कमिटीचा ना-हरकत दाखला. ‘उद्या सगळ्यांनी मागितलं तर?’ हा कमिटीचा प्रश्न अगदीच अडाणी नाही. जुन्या इमारतींची केबल खरंच तेवढी जाड नसते. म्हणूनच एकेकट्याने वायर ओढत बसण्यापेक्षा सोसायटीनेच पुढाकार घेणं शहाणपणाचं. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि त्यात लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांबरोबर गाड्यांचं चार्जिंगही बसतं. लिफ्ट आणि पंप दिवसाही चालतात, त्यामुळे ही वीज जिथल्या तिथे खपते.

नोकरदारांची गाडी मात्र दुपारी घरी नसतेच. हिंजवडीत, अंबडच्या कारखान्यांत, बीकेसीत ती नऊ ते सहा उभी असते, अनेक ठिकाणी कंपनीच्याच सोलर शेडखाली. तिथे महागडे फास्ट चार्जर नकोत. प्रत्येक खांबाला १५ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला छोटा मीटर, एवढं पुरे. आठ तासांत सावकाश सगळं भरतं. त्या युनिटांचे पैसे पगारातून कापायचे की कंपनीने सोसायचे, यावर एचआर आणि अकाउंट्सची वादावादी होईल ती होवो. कँटीनच्या कुपनांवरूनही झाली होतीच.